डॅम्परचा वेग कायम धनच काहून दिसते? दोन बिंदूंमधला रेडियल वेग मोजताना होणारे घोळ

प्रोजेक्टचा हंगाम आला की नागपुरात हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच. कधी अंतिम वर्षाच्या पोरांकडून, कधी हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या नव्या इंजिनिअरकडून. ॲडम्ससारख्या, यंत्राची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमधले त्यांचे मॉडेल बहुतेक वेळा सारखेच असते. ट्रॅक्टरची सीट, तिच्या खाली कात्रीसारखी उघडझाप करणारी फ्रेम, एक स्प्रिंग आणि जागा नाही म्हणून तिरपा बसवलेला डॅम्पर, म्हणजे हेलकावे जिरवणारा शॉक ॲब्झॉर्बर. खाली काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतल्या चाकोरीसारखा खडबडीत इनपुट दिलेला.

तक्रारी तीन प्रकारच्या. एक, सीट वर जावो की खाली येवो, डॅम्परच्या वेगाचा ग्राफ शून्याच्या वरच राहतो. दोन, डॅम्पर लावूनही हेलकावे थांबत नाहीत, उलट काही सेकंदांनी वाढायला लागतात. तीन, ग्राफ दिसायला झकास, पण टेस्ट रिगवरच्या आकड्यांशी बल जुळत नाही. कधी तिप्पट येते, कधी थेट हजारपट.

अशा वेळी पोरं आधी सॉल्व्हरला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या गणित सोडवणाऱ्या भागाला, हात घालतात. स्टेप बारीक कर, टॉलरन्स घट्ट कर, इंटिग्रेटर बदल. रात्रभर रन चालतो आणि सकाळी तोच ग्राफ जरा जास्त गुळगुळीत होऊन समोर येतो. सॉल्व्हरचा यात काही दोष नसतो. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने बरोबरच दिलेले असते. विचारलेच भलते असते.

आपल्याला नेमके काय मोजायचे आहे

डॅम्परच्या बलासाठी एकच गोष्ट लागते: त्याच्या दोन टोकांमधले अंतर किती वेगाने वाढते किंवा घटते आहे. टोके आडवी सरकली, पूर्ण डॅम्पर गोल फिरला, ट्रॅक्टर ताशी २० किमीने, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरने पुढे गेला, तरी आतल्या पिस्टनला त्याचे काही नाही. दोन टोके जोडणाऱ्या रेषेवर पडणारा सापेक्ष वेगाचा घटक, तोच रेडियल वेग. सूत्रात सांगायचे तर दोन बिंदूंच्या वेगांतला फरक आणि त्यांच्या स्थानांतला फरक, या दोन व्हेक्टरांचा डॉट प्रॉडक्ट घ्यायचा आणि त्याला अंतराने भागायचे.

कागदावर एकदा करून पाहा. बिंदू क (०, ०) वर स्थिर आहे. बिंदू ख (३००, ४००) मिमीवर आहे आणि त्याचा वेग आडव्या दिशेत २०० मिमी/सेकंद, उभ्या दिशेत उणे १०० मिमी/सेकंद आहे. अंतर ५०० मिमी. डॉट प्रॉडक्ट ६०,००० वजा ४०,००० म्हणजे २०,०००. ५०० ने भागले की अधिक ४० मिमी/सेकंद. म्हणजे टोके हळूहळू लांब जात आहेत, डॅम्पर उघडतो आहे.

आता याच क्षणी सापेक्ष वेगाचे मॅग्निट्यूड, म्हणजे दिशा सोडून नुसते मान, घेतले तर २२३.६ येते. उभा घटक घेतला तर उणे १००. डॅम्पिंग गुणांक २ न्यूटन-सेकंद/मिमी धरला, तर खरे बल ८० न्यूटन, मॅग्निट्यूडवाले ४४७ न्यूटन आणि उभ्या घटकाचे २०० न्यूटन, तेही उलट्या दिशेने. मॉडेल एक, क्षण एक, आणि आकडे तीन. त्यातल्या एकाचे तर चिन्हच वेगळे.

वरच्या पहिल्या दोन तक्रारींचा उलगडा इथेच होतो. मॅग्निट्यूड कधी ऋण होत नाही. त्यामुळे त्यावर बांधलेले बल कायम एकाच बाजूला लागते: टोके लांब जाताना त्यांना धरून ठेवते, म्हणजे ऊर्जा काढून घेते, आणि जवळ येताना त्यांना आणखी ओढते, म्हणजे ऊर्जा आत घालते. असा डॅम्पर अर्धा वेळ ब्रेक असतो आणि अर्धा वेळ मोटर. हेलकावे थांबत नाहीत, खडबडीत इनपुटवर वाढूही शकतात, ते यामुळे.

ॲडम्समध्ये कुठे काय मिळते

ॲडम्समध्ये पॉइंट-टू-पॉइंट मेझर केले की पर्याय येतात: एक्स, वाय, झेड आणि मॅग. घाईत "मॅग" निवडले जाते, कारण नाव ओळखीचे. त्या मॅगच्या, म्हणजे मॅग्निट्यूडच्या, मागे व्हीएम नावाचे फंक्शन चालते. आपल्याला हवे असते व्हीआर, म्हणजे रेडियल वेग देणारे फंक्शन. सरळ फंक्शन मेझर उघडा आणि हातानेच लिहा: व्हीआर, कंसात पहिला मार्कर (पार्टवर लावलेली बिंदूची खूण), स्वल्पविराम, दुसरा मार्कर. सोबत त्याच दोन मार्करांचे डीएम म्हणजे अंतरही प्लॉट करून ठेवा, ते पुढे कामाला येते. सॉलिडवर्क्स मोशनच्या आत ॲडम्सचाच सॉल्व्हर असल्याने गणित तेच, आणि मोशनसॉल्व्ह या तशाच सॉफ्टवेअरमध्येही हेच फंक्शन आहे.

चिन्हाचा नियम सोपा आहे. टोके लांब जात असतील तर व्हीआर धन, जवळ येत असतील तर ऋण. दोन बिंदूंमध्ये लावलेल्या क्रिया-प्रतिक्रिया बलाचा नियमही याला जुळवूनच आहे: धन बल म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांपासून ढकलणारे. म्हणून डॅम्परचे बल लिहिताना पुढे उणे लागते: उणे सी (डॅम्पिंग गुणांक) गुणिले व्हीआर. स्प्रिंगही त्यातच घ्यायची असेल तर त्यात उणे के (स्प्रिंगचा कडकपणा) गुणिले (डीएम वजा मूळ लांबी) मिळवा. ते उणे विसरले, तर डॅम्पर पूर्ण वेळ मोटर होतो आणि मॉडेल काही क्षणांत उडते. तो घोळ निदान लगेच कळतो तरी.

इथेच एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, मार्कर उलटेपालटे करून पाहिले, साइन काहून बदलत नाही?" बदलणारच नाही. मार्कर अदलाबदल केले की वेगातला फरकही उलटतो आणि स्थानातला फरकही. दोन उणे मिळून एक अधिक. व्हीएक्स, व्हीवाय, व्हीझेड, म्हणजे त्या-त्या अक्षावरचे वेग, यांचे चिन्ह मात्र बदलते, कारण तिथे अक्ष तोच राहतो. म्हणजे ही एक फुकटातली चाचणीच झाली. मेझर कसले आहे ते माहीत नसेल, दुसऱ्याचे जुने मॉडेल हाती आले असेल, तर मार्करांची जागा बदलून पाहा. ग्राफ उलटला तर तो घटक आहे. जसाच्या तसा राहिला आणि शून्याच्या खालीही जातो, तर रेडियल. जसाच्या तसा राहिला पण खाली कधीच जात नाही, तर मॅग्निट्यूड असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा मार्कर लिहायचाच राहिला तर ॲडम्स ओरडत नाही. तो गुपचूप ग्राउंडचा मूळबिंदू धरतो. सीट स्टँडवर असेल तर आकडे जवळपास पटण्यासारखेही येतात, म्हणून हे पकडायला वेळ लागतो. मॉडेल ट्रॅक्टरवर चढवून पुढे पळवले की एकदम हजारोंत वेग दिसायला लागतो आणि मग शोधाशोध सुरू होते. कंसात स्वल्पविराम आहे का, एवढे आधी बघावे.

तिरपा डॅम्पर: सर्वांत महाग पडणारी जागा

सीटच्या मॉडेलमध्ये मॅग्निट्यूडचा घोळ लवकर सापडतो. उभ्या घटकाचा सापडत नाही, कारण सीट वर-खालीच हलत असल्याने त्यात चिन्ह बरोबर येते, हेलकावेही थांबतात, ग्राफ पाहून कोणाला शंका येत नाही. चुकते ते फक्त प्रमाण.

समजा सीटची वरची फ्रेम उभ्या दिशेत २०० मिमी/सेकंदाने वर जाते आहे, खालची स्थिर आहे, आणि डॅम्परचे एक टोक वर, एक खाली आहे. डॅम्पर उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेला आहे. रेषेवर पडणारा वेग २०० गुणिले कोसाइन ५५, म्हणजे ११४.७ मिमी/सेकंद. आणि डॅम्परने जे बल दिले त्याचाही उभ्या दिशेत पुन्हा कोसाइन ५५ एवढाच भाग लागतो. म्हणजे सीटला उभ्या दिशेत जाणवणारे डॅम्पिंग सी गुणिले कोसाइनचा वर्ग: मूळच्या सुमारे ३३ टक्के. सीट खाली दबली, डॅम्पर आणखी आडवा झाला आणि कोन ६५ अंशांवर गेला, की हेच १८ टक्क्यांवर येते.

ज्याने उभा वेग घेऊन उभे बल लावले त्याने पूर्ण १०० टक्के डॅम्पिंग दिले. तिप्पट ते साडेपाचपट. मग रिगवरचे आकडे जुळत नाहीत म्हणून तो सी हळूहळू कमी करत नेतो, एका उंचीला जुळवतो, आणि चालकाचे वजन बदलले की पुन्हा बिघडते. वजन बदलले की सीटची बसण्याची उंची बदलते, उंची बदलली की कोन बदलतो. हा कोनाचा परिणाम व्हीआर आपसूक धरतो, कारण तो दर क्षणी त्या वेळची रेषा घेतो. गुणांक "ट्यून" करून तो कधी धरता येत नाही. अशी ट्यून केलेली मॉडेले हातोहात पुढच्या बॅचला जातात, हे त्याहून वाईट.

यावरूनच तपासणीचा एक नियम निघतो: डॅम्पर सरळ उभा ठेवून सूत्र तपासू नका. उभ्या डॅम्परला उभा घटक आणि रेडियल वेग एकच असतात, म्हणजे चुकीचे सूत्रही तिथे पास होते. छोटे वेगळे मॉडेल करा. एक टोक ग्राउंडवर, दुसरे उभ्या सरकणाऱ्या ठोकळ्यावर, आणि ग्राउंडचे टोक मुद्दाम बाजूला सरकवलेले. ठोकळ्याला २५ मिमीचा, २ हर्ट्झचा साइन द्या. ठोकळ्याचा उभा वेग कमाल ३१४ मिमी/सेकंदापर्यंत जाईल. व्हीआर मात्र त्याहून कमीच यायला पाहिजे, आणि ठोकळा ग्राउंडच्या टोकाच्या पातळीला आला तर त्या क्षणी शून्य. तिथे तो शून्यातून जात नसेल तर आपण व्हीआर मोजतच नाही आहोत. हे मॉडेल करायला चहा गार व्हायच्या आत वेळ पुरतो. मोठ्या मॉडेलमध्ये हाच शोध घ्यायला दिवस जातो.

ग्राफ सपाट शून्य असेल तर

फंक्शन बरोबर, मार्करांची नावे बरोबर, आणि तरी रेषा शून्यावर आडवी. जवळजवळ दर वेळी दोन्ही मार्कर एकाच पार्टचे असतात. स्क्रीनवर ते बरोबर जागी दिसतात. एक वरच्या पिनवर, एक खालच्या पिनवर. पण मार्कर कुठे दिसतो आणि कोणाचा आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या पिनवर माउस नेऊन मार्कर टाकताना तिथे एकावर एक तीन पार्ट असतात: सीट फ्रेम, कात्रीची बाहेरची पट्टी, पिन स्वतः. क्लिक ज्याला लागला त्याला मार्कर चिकटतो. एकाच रिजिड पार्टवरच्या दोन बिंदूंमधले अंतर बदलूच शकत नाही, म्हणून शून्य. ट्री उघडा, मार्कर कोणत्या पार्टखाली लटकतो आहे ते बघा. चूक असेल तर तो मार्कर पुसून योग्य पार्टखाली नवीन करा.

याचाच फसवा भाऊ म्हणजे मार्कर शेजारच्या पार्टवर बसणे. वरचा मार्कर सीट फ्रेमऐवजी पट्टीवर लागला आणि तो नेमका दोघांना जोडणाऱ्या पिनच्या मध्यावर असेल, तर वेग तोच येतो, काही बिघडत नाही. पण डॅम्परचा ब्रॅकेट पिनपासून ४०-५० मिमी बाजूला असतो. मग पट्टी फिरते तशी चूक वाढत जाते. सुरुवातीच्या स्थितीत ती दिसत नाही. रन पूर्ण झाल्यावर ॲनिमेशन शेवटच्या फ्रेमवर थांबवा आणि मार्कर ब्रॅकेटवर आहे का ते झूम करून पाहा. पहिल्या फ्रेमवर बघून काही कळत नाही.

"कोणत्या फ्रेममध्ये मोजू?"

सिमस्केप मल्टिबॉडी हे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा प्रश्न जास्त सतावतो (इथे फ्रेम म्हणजे मोजायचे अक्ष, सीटची फ्रेम नव्हे), कारण तिथला ट्रान्सफॉर्म सेन्सर आधीच विचारतो: मोजमाप वर्ल्ड फ्रेममध्ये, बेसमध्ये (जिथून मोजतो तो) की फॉलोअरमध्ये (ज्याला मोजतो तो)? आणि वर फिरणाऱ्या की न फिरणाऱ्या? एक्स-वाय-झेडचे वेग या निवडीने बदलतात. ॲडम्समध्येही या फंक्शनांना शेवटी एक जादा मार्कर देता येतो, ज्याच्या नजरेतून डेरिव्हेटिव्ह घ्यायचे.

रेडियल वेगाला मात्र याने फरक पडत नाही. फिरत्या फ्रेममधून पाहिले की वेगात एक जादा पद येते, कोनीय वेग आणि स्थानाचा क्रॉस प्रॉडक्ट. ते पद जोडणाऱ्या रेषेला नेहमी काटकोनात असते, त्यामुळे रेषेवर त्याचा वाटा शून्य. साध्या भाषेत, दोन टोकांमधले अंतर बघणारा गोल फिरला म्हणून बदलत नाही, मग त्या अंतराचा दर तरी कसा बदलेल?

आकड्यांत पाहा. एक तबकडी मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरते आहे. केंद्रापासून ५० मिमीवर एक गोटी आहे, आणि ती खाचेतून ३० मिमी/सेकंदाने बाहेर सरकते आहे. तबकडीवर बसून पाहिले तर गोटीचे मॅग्निट्यूड ३०. जमिनीवरून पाहिले तर ३,१४१.७. केंद्र ते गोटी रेडियल वेग दोन्हीकडून ३०. म्हणून ज्यांना फ्रेमच्या भानगडीत पडायचे नाही त्यांनी सिमस्केपमध्ये गोलीय निर्देशांकातल्या अंतराचा वेग निवडावा आणि पुढे जावे. एक्स-वाय-झेड घेऊन नंतर हाताने डॉट प्रॉडक्ट करायचा असेल, तर स्थान आणि वेग दोन्ही एकाच फ्रेमच्या अक्षांवर घेतलेत ना, एवढी काळजी पुरते. वेग वर्ल्डमधून आणि स्थान बेसमधून अशी खिचडी झाली की उत्तराला अर्थ राहत नाही.

जिथे व्हीआर वापरूच नये

दोन बिंदू एकमेकांवर आले, किंवा अगदी जवळून गेले, की सूत्रात भागाकाराच्या खाली शून्य येते. त्या क्षणी जोडणारी रेषाच नसते, मग तिच्यावरचा घटक कसला? मॉडेलिका या मॉडेलिंगच्या भाषेच्या मल्टिबॉडी लायब्ररीत अंतर मोजणाऱ्या सेन्सरला यासाठीच एक छोटी किमान लांबी दिलेली असते, शून्याने भागाकार होऊ नये म्हणून. तेवढ्याने रन अडकत नाही, पण भौतिक घोळ तसाच राहतो. एक बिंदू सरळ रेषेत दुसऱ्याच्या आरपार गेला तर आधी अंतर घटते, मग वाढते. वेग बदललेलाच नसतो, तरी रेडियल वेग एका क्षणात उणेवरून अधिकवर उडी मारतो. त्यावर डॅम्पर बांधला तर बलही तशीच उडी मारते आणि सॉल्व्हर तिथेच कुथत बसतो.

रबर बुश, इंजिन माउंट, किंवा टोके सुरुवातीलाच एकावर एक असलेला कुठलाही जोड, इथे व्हीआरचे काम नाही. तिथे एका पार्टला चिकटलेल्या मार्करच्या अक्षावर घटक घ्या, म्हणजे व्हीझेड, पण तिसरा मार्कर देऊन. तो तिसरा मार्कर दिला नाही तर घटक ग्राउंडच्या अक्षावर मोजला जातो, आणि ट्रॅक्टर वळला की सगळे बिनसते. सरकत्या जोडातल्या हायड्रॉलिक सिलिंडरलाही हेच लागू, जर आतल्या आणि बाहेरच्या मार्करांची जागा स्ट्रोकमध्ये एकमेकांना ओलांडत असेल तर. मार्कर सिलिंडरच्या दोन टोकांच्या डोळ्यांत ठेवले, तर ते ओलांडायचा प्रश्नच नाही आणि व्हीआर निर्धास्त चालतो. मला तरी ही सवय जास्त बरी वाटते.

एक्सेलमध्ये काढलेला वेग

काही जण डीएमचा डेटा बाहेर काढतात आणि एक्सेलमध्ये पुढच्या-मागच्या ओळीतला फरक भागिले वेळ करतात. कल्पना बरोबर आहे, अंतराचा दर तोच रेडियल वेग. अडचण आउटपुट स्टेपची. कंपन २० हर्ट्झचे असेल आणि आउटपुट दर ०.०१ सेकंदाला, तर एका आवर्तनात पाचच ठिपके मिळतात. त्यावर मधला फरक घेतला की शिखर खऱ्याच्या सुमारे ७६ टक्केच दिसते. स्टेप ०.००१ केली तर ९९.७ टक्के. म्हणजे चूक मॉडेलची नाही, बाहेर काढलेल्या ठिपक्यांची. व्हीआर प्रत्येक ठिपक्यावर सॉल्व्हरकडचे वेग वापरतो, त्यामुळे त्याला ही कात्री लागत नाही. मात्र ठिपकेच विरळ असतील तर शिखर दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवू शकते, ते व्हीआरलाही चुकत नाही.

व्हीआरचाच ग्राफ दातेरी येत असेल तेव्हा मात्र इंटिग्रेटरकडे वळायला हरकत नाही. ॲडम्समध्ये जीस्टिफ इंटिग्रेटर आय-३ पद्धतीत चालतो तेव्हा तो चूक तपासतो ती विस्थापनांची. वेगांवर त्याचा पहारा नसतो. एसआय-२ निवडले की वेग आणि त्वरण जास्त भरवशाचे मिळतात, रन जरा जड होतो. लांबलचक रन असेल तर आधी दोन सेकंदांच्या तुकड्यावर दोन्ही पद्धती चालवून फरक बघा. फरक नसेल तर उगाच जड रन कशाला?

सप्लायरचा तक्ता जोडताना

हजारपट चूक आली की आधी युनिट बघा. ॲडम्समध्ये आपल्याकडे सर्रास मिमी-किलो-न्यूटन-सेकंद चालते, आणि डॅम्परच्या कागदावर गुणांक मीटरमध्ये असतो. १,५०० न्यूटन-सेकंद/मीटर म्हणजे १.५ न्यूटन-सेकंद/मिमी. हे सगळ्यांना येते, आणि तरी दर हंगामात कोणी ना कोणी १,५०० तसेच टाकतो. सीट मग दगडासारखी घट्ट होते.

चिन्ह त्याहून चिवट. डॅम्पर सप्लायरच्या वेग-बल तक्त्यांपैकी पुष्कळांत दाबताना वेग धन धरलेला असतो. आपल्या व्हीआरमध्ये दाबताना ऋण. तक्ता स्प्लाइन (ठिपक्यांतून जाणारा वक्र) म्हणून तसाच घातला, तर दाबण्याचा वक्र उघडताना लागतो आणि उघडण्याचा दाबताना. डॅम्परचे उघडतानाचे बल साधारणपणे दाबतानाच्या बलापेक्षा जास्त ठेवलेले असते, त्यामुळे निकाल बिघडतो, पण इतका नाही की पाहताक्षणी कळावे. सीट हळूहळू एका बाजूला सरकून वेगळ्याच उंचीवर हेलकावे खायला लागते. असे दिसले की तक्त्याचा वेगाचा कॉलम उणे करून पाहा, आणि बलाचे चिन्हही त्याच बैठकीत तपासा.

आणि तक्ता संपतो तिथे काय होते तेही बघा. कागदावर वेग १,००० मिमी/सेकंदापर्यंतच दिला असेल आणि मॉडेलमध्ये व्हीआर १,८०० ला पोचला, तर पुढचा वक्र सॉफ्टवेअरने स्वतःच वाढवलेला असतो. त्या भागातल्या बलावर कोणताही निष्कर्ष काढू नये.

दोन पडताळे, दर रनला

व्हीआरचा ग्राफ पोस्ट-प्रोसेसरमध्ये इंटिग्रेट करा. सुरुवातीचे अंतर त्यात मिळवा. तो वक्र डीएमच्या वक्रावर तंतोतंत बसला पाहिजे. अंतर २१४ मिमीवरून १८७ वर आले असेल तर इंटिग्रल उणे २७ यायलाच हवे. मॅग्निट्यूड इंटिग्रेट केले तर ते नुसते वाढतच जाते, उभा घटक केला तर भलत्याच उंचीवर थांबतो.

दुसरा, डॅम्परचे बल गुणिले व्हीआर, म्हणजे पॉवर, प्लॉट करा. चिन्हे वर सांगितल्याप्रमाणे असतील तर हा ग्राफ शून्यावर किंवा खालीच राहिला पाहिजे. कुठेही वर डोके काढले, तर तिथे डॅम्पर ऊर्जा देतो आहे, आणि तसा डॅम्पर बाजारात मिळत नाही. फक्त हा गुणाकार करताना व्हीआर खरा व्हीआर असू द्या. चुकीच्याच वेगाने गुणले तर चुकीचे बलही निर्दोष दिसते.

बंप स्टॉपर

हे सगळे नीट केल्यावरही एक जागा उरते. सीट तळाला आपटते तिथला रबरी स्टॉपर बहुतेक जण इम्पॅक्ट फंक्शनने करतात. त्याला अंतर आणि वेग अशी जोडी द्यावी लागते. अंतराच्या जागी डीएम लिहिले असेल तर वेगाच्या जागी त्याच दोन मार्करांचा व्हीआरच हवा, दुसरे काही नाही. इथे व्हीएम लिहिला तर काय होते? टोके जवळ येताना वेग ऋण असायला हवा, म्हणजे डॅम्पिंगचे पद स्टॉपरच्या बलात भर घालते. व्हीएम धन असल्यामुळे ते पद उलट बलातून वजा होते. स्टॉपर नेमका धडकेच्या वेळी मऊ पडतो, सीट ठरलेल्या जागेपेक्षा खोल घुसते, आणि पोरं रबराचा कडकपणा वाढवत बसतात.

स्टॉपरला लागताना व्हीआरच्या ग्राफवर ऋण बाजूने शून्याकडे जी तीक्ष्ण चढण दिसते ती मात्र खरी असते. काही मिलिसेकंदांत वेग शून्यावर येणारच, आपटणे म्हणजे तेच. तिला फिल्टर लावून गोलाई देऊ नका. त्या भागापुरती आउटपुट स्टेप बारीक करा. धडकेच्या आत आठ-दहा ठिपके मिळाले की कमाल बलाचा आकडा स्टेप बदलली तरी फारसा हलत नाही, आणि रिपोर्टमध्ये लिहायचा तो तोच.